स्तंभवासी संत शिमोन : खांबावरची 36 वर्षे इतिहास की दंतकथा?

प्रश्न :
पाचव्या शतकातील सिरियन संत शिमोन एका खांबाच्या माथ्यावर 36 वर्षांहून अधिक काळ राहिला, असे वाचनात आले. कुंभमेळ्यात वर्षानुवर्षे हात वर धरून राहिलेले ऊर्ध्वबाहू साधू मी नाशिकला पाहिले आहेत, त्यामुळे देहदंडाची कल्पना मला परकी नाही. मात्र शिमोनविषयीचा दाखला समकालीन आहे, की तो मागाहून रचलेल्या संतचरित्रांतून आला आहे? आणि जमिनीपासून दूर गेलेल्या या माणसाभोवती एवढे मोठे तीर्थक्षेत्र कसे उभे राहिले?

उत्तर 1 :
दाखला समकालीन आहे, आणि तोही प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा. सिर्‍हसचा बिशप थिओडोरेट याने शिमोन हयात असतानाच, 444 च्या सुमारास, त्याच्याविषयी लिहिले. पुढच्या पिढ्यांना ही हकिगत कपोलकल्पित वाटेल, अशी धास्ती त्याला तेव्हाच होती. आशीर्वादाच्या आशेने लोक शिमोनच्या अंगाला आणि कातड्याच्या वस्त्राला हात लावू लागले, तो जाच त्याला सोसवेना, म्हणून तो खांबावर चढला, असे थिओडोरेट सांगतो. पहिला खांब 6 हात उंच होता; पुढे 12, 22 आणि 36 हात अशी उंची वाढत गेली. प्रार्थना करताना शिमोन इतका वाकत असे की त्याचे कपाळ पायाच्या बोटांपर्यंत येई. थिओडोरेटच्या सोबतच्या एकाने हे वाकणे मोजायला घेतले आणि 1,244 पर्यंत पोहोचून तो नाद सोडला.

मला मात्र दुसरा प्रसंग अधिक बोलका वाटतो. ‘तू माणूस आहेस की देह नसलेला कोणी?’ असे एका यात्रेकरूने विचारताच शिमोनने शिडी लावून त्याला वर बोलावले आणि आधी आपले हात, मग वस्त्राखालचे पाय त्याला चाचपायला लावले. पायावरची चिघळलेली जखम पाहून तो माणूस थक्क झाला. चमत्कारच रंगवायचा असता, तर चरित्रकाराने ही जखम झाकली असती.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पण मग एकांत साधला नाहीच म्हणायचा. खाली जमलेल्यांशी त्याचा व्यवहार कसा होता?

उत्तर 2 :
एकांत मुळीच साधला नाही. दुपारी तीनच्या सुमारापर्यंत प्रार्थना आणि त्यानंतर उपदेश, गाऱ्हाणी व तंट्यांचे निवाडे, असा त्याचा दिवस असे. सिरियाक भाषेतील चरित्रात तर सावकारांनी व्याज निम्म्यावर आणावे, असा त्याचा आग्रहही नोंदलेला आहे. खांबाभोवतीच्या कुंपणाच्या आत स्त्रियांना प्रवेश नव्हता, ही बाजूही भक्तीच्या भरात विसरू नये.

त्याची भक्ती त्याच्या हयातीतच रोमपर्यंत पोहोचली होती. तेथील कारागीर आपल्या दुकानांच्या दारांशी रक्षणासाठी त्याच्या लहान प्रतिमा लावतात, असे थिओडोरेटच्या कानावर आले होते. 459 मध्ये तो वारला, तेव्हा त्याचा देह सैन्याच्या बंदोबस्तात अंत्युखिया (अँटिऑक) या जवळच्या मोठ्या शहरात नेण्यात आला. पूर्व रोमन सम्राट लिओने तो आपल्या राजधानीसाठी, कॉन्स्टॅन्टिनोपलसाठी, मागितला, परंतु भूकंपात आमच्या शहराचा तट कोसळला आहे, आता हा देहच आमचा तट, असे सांगून नगरवासीयांनी नकार दिला.

उत्तर 3 :
वास्तूविषयी थोडे. सम्राट झेनोच्या काळात, पाचव्या शतकाच्या अखेरीस, खांब मध्यभागी ठेवून त्याभोवती अष्टकोनी सभागृह आणि चार दिशांना चार बॅसिलिका (लांबट आकाराची मोठी चर्चे) बांधण्यात आल्या. आलेप्पोच्या वायव्येस असलेले हे ठिकाण आज कलात सिमआन म्हणून ओळखले जाते. उत्तर सिरियातील प्राचीन खेड्यांसह त्याचा 2011 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भाविकांनी प्रसाद म्हणून खांबाचे टवके काढून नेले, असे सांगतात. उरला होता तो केवळ बुंध्यासारखा दगड, आणि 2016 मधील हवाई हल्ल्यात त्यालाही इजा झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च शिमोनचा सण 1 सप्टेंबरला पाळते, कॅथलिक परंपरेत तो 5 जानेवारीला येतो.