लहान मूल झाल्यावर वॉरगेमिंग कसं चालू ठेवलंत?

तिसरी पलटण:
नमस्कार मंडळी, गेली सहा वर्षं वॉरहॅमर ४०के (छोट्या सैनिकांचे पुतळे रंगवून टेबलावर खेळायचा युद्धखेळ) खेळतोय, मुलगी आता दीड वर्षाची आहे. आधी रविवार अख्खा त्यातच जायचा, २००० पॉइंट्सची, म्हणजे मोठ्या सैन्याची, मॅच म्हटली की खेळायलाच तीन तास, मांडामांड, आवराआवर, जाणंयेणं धरून सहा. आता तेवढं जमत नाही, जमवावं असं वाटतही नाही, पण पूर्ण सोडायचं म्हटलं की जीव कासावीस होतो. मागच्या आठवड्यात रात्री "एवढा एक खांदा रंगवून आलोच" म्हणून बसलो, हेडफोन कानात होते, मुलगी दोनदा उठली आणि दोन्ही वेळा बायकोनेच बघितलं, मला पत्ताच नाही. सकाळी ती भांडली नाही. फक्त म्हणाली, जेवायच्या टेबलावर तुझं सैन्य आहे, आपण बसायचं कुठे? तेव्हापासून ब्रशला हात लावलेला नाही. तुम्ही लोक काय करता?

ओला ब्रश:
अरे, तिने तुझ्या वेळेचं काही विचारलंच नाही, टेबलाचं विचारलंय. आधी ते मोकळं कर, आजच. मी एक काठवाला मोठा ट्रे ठेवलाय, त्यात मावेल तेवढंच काम बाहेर काढायचं, पाच मिनी (पुतळे), दोन ब्रश आणि वेट पॅलेट. पॅलेट घरीच होतो, झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद, झाकण लावलं की अ‍ॅक्रिलिक रंग दोन-तीन दिवस तरी ओला राहतो. त्यामुळे पोर रडलं की ब्रश पाण्यात बुडवून तसंच उठता येतं, मिसळलेली शेड वाया जात नाही. नाहीतर होतं काय, "रंग वाळेल" म्हणून आपण बसूनच राहतो. आणि हेडफोन बंद कर बाबा, मूल झोपलेलं असताना तर नकोच.

घरातली दुसरी बाजू:
मी खेळत नाही, नवरा खेळतो, म्हणून लिहितेय. मला त्याच्या खेळाचा कधीच राग नव्हता, राग यायचा तो "आलोच"चा. साडेदहाला उठतो म्हणालास तर साडेदहाला उठ, मग मी पण निवांत असते. आणि आधी तिची संध्याकाळ ठरव, तुझी नंतर. आमच्याकडे बुधवारी मी बाहेर पडते आणि तो मला फोन करून डायपर कुठे आहेत हे विचारत नाही, या एका गोष्टीने आमच्यातलं निम्मं भांडण मिटलं.

छोटा बोर्ड:
२००० पॉइंट्स काही वर्षं बाजूला ठेव, किल टीम खेळ, ४०केचाच छोटा प्रकार. दहाएक मिनी, बोर्ड साधारण २२ बाय ३० इंच, म्हणजे ४०केच्या ४४ बाय ६० च्या पाव हिश्शाइतकाच, दीड तासात गेम संपतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. मिनींची हात-शस्त्रं बदलायला जे बारीक निओडिमियम मॅग्नेट लावतो ना, ते घरात मोजून ठेव. मुलाने एकापेक्षा जास्त गिळले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटीत सापडून भोक पडू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, उलटी काढत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. मी मॅग्नेट, ब्लेड, सुपरग्लू सगळं कुलपात ठेवतो, काम झालं की जमिनीवर टॉर्च मारून बघतो. रंगाआधी मारायचा स्प्रे प्रायमर पण घरात नको, बाहेर मोकळ्या हवेत मार.

तिसरी पलटण:
टेबल काल रात्रीच रिकामं केलं. पाच मिनी ट्रेमध्ये, बाकी सगळं खोक्यात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मॅग्नेट मोजले, २४ होते, डब्यावर आकडा लिहून ठेवला. तुला कुठली संध्याकाळ हवी असं बायकोला विचारलं तर ती जरा वेळ बघतच राहिली, मग म्हणाली शनिवार. या शनिवारी ती मैत्रिणीकडे चाललीय. डायपर कुठे असतात ते मला माहितीय, औषधांचा डबा तेवढा आज विचारून ठेवतो.