कशाची चिंता नाही, तरी धाकधूक: फरक नेमका काय?

मागच्या मे महिन्यात रात्री दीडला जाग आली. कूलर धो धो चालू, तरी पाठ ओली. छातीत धडधड, दोन्ही हातांना मुंग्या. सकाळी डॉक्टरकडे गेले, ईसीजी ठीक निघाला. मग त्यांनी विचारलं, "कशाची चिंता करता का?" मी खरं ते सांगितलं: नाही. नोकरी बरी चाललीय, पोरगी दहावी पास झाली, घराचं कर्ज फिटत आलंय. त्यांनी ॲसिडिटीची गोळी लिहून दिली. ती मी आठ महिने इमानदारीनं खाल्ली.

नंतर दुसऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "उगाचच धाकधूक होते का?" मी तिथेच रडायला लागले.

तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यात आहेत. मला वाटतं, चिंतेला षष्ठी लागते. कशाची? पोरांची, पैशाची, पावसाची. धाकधूक कशाची हे सांगावं लागत नाही. शिवाय चिंता आपण 'करतो', धाकधूक आपल्याला 'होते'. म्हणून "चिंता करते" म्हटलं की लगेच ऐकावं लागतं, "मग नको करू ना!" तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद

क्रियापदाचा मुद्दा पटला. 'काळजी' बघा. आई एकाच फोनवर म्हणते, "काळजी घे" आणि "काळजी करू नको". नाम तेच, पण घेतली तर शहाणपण, केली तर दुखणं. त्यात 'घोर' वेगळाच, तो जिवाला 'लागतो', ऊन लागावं तसा. आणि आपल्या नागपूरचं लाडकं "टेन्शन नको घेऊ बे!" टेन्शन घेता येतं, देता येतं, येतं, जातं. ते कुणी 'करत' मात्र नाही, त्यामुळे दोषही कुणाला लागत नाही. चारचौघांत बोलायला म्हणूनच ते सोपं जात असावं.

प्रतिसाद

'चिता' आणि 'चिंता' यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक. एक मेलेल्याला जाळते, दुसरी जित्याला. आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच सांगून ठेवलंय.

मूळ लेखिका

हे येणारच होतं! सुभाषित म्हणून छान, पण व्युत्पत्ती म्हणून चूक. चिता 'चि' म्हणजे रचणे या धातूपासून, लाकडं रचलेली ती चिता. चिंता 'चिंत्'पासून, म्हणजे विचार करणे. तिची सख्खी बहीण चितेऐवजी 'चिंतन' आहे. आणि खरं सांगू का, रात्री दीडला ज्याची छाती धडधडतेय त्याला चितेची आठवण करून देऊ नये.

टेन्शनबद्दल मात्र हो. आपल्याकडे मानसिक रुग्णालयाजवळच्या चौकाला ऑटोवाले अजून सर्रास पागलखाना चौक म्हणतात. अशा गावात "मला धाकधूक होते, तिकडे जाऊन येते" असं कोण म्हणणार? टेन्शन म्हटलं की निभतं.

प्रतिसाद

उन्हाळ्याचे शब्द विसरू नका. तलखी, काहिली, तगमग. ४५ अंशांत अंगाची होते तीच जिवाचीही होते. माझी तर दोन्हींत गल्लत होते. मे महिन्यात घाम आणि धडधड आली की ऊन लागलं की मन बिघडलं, हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. 'हुरहूर' मात्र या यादीत घेऊ नये. ती कातरवेळेची, तिच्यात थोडी गोडी असते. तगमगीत काडीची गोडी नाही.

प्रतिसाद

मी नर्स आहे. शब्दांतलं फार कळत नाही, मुंग्यांचं सांगते. घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. त्यानं आणखी भीती वाटते, की श्वास आणखी भराभर. यावर पहिला उपाय मराठीतच आहे: दम खा. श्वास सावकाश सोडायचा, घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून. ठोके जरा उतरतात. 'सुस्कारा' तरी दुसरं काय असतं? पण हे ईसीजी वगैरे तपासून झाल्यावर. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर दम खात बसू नका, दवाखाना गाठा. आणि धाकधूक रोजचीच झाली असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानसची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ताई, एक शब्द तुम्ही सोडलात. पेशंट चिंताही म्हणत नाहीत, धाकधूकही नाही. दहातले आठ जण म्हणतात, "कसंतरीच होते."

मूळ लेखिका

अगदी! आणि हा सोडला तो मी, जिच्या घरात तो रोज वापरला जातो. परवा रात्री पुन्हा तसं झालं, तेव्हा काटोलला आईला फोन लावला.

"भेव लागते का?"

"नाही."

"मंग कसंतरी होऊन राह्यलं?"

"हाव."

"बरं. दम खा. बोलू नको. फोन चालू ठेव."

मग दोघी गप्प. तिकडे तिचा पंखा कुरकुरत होता, मधेच तिनं तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. वीसेक मिनिटांनी तिचं घोरणं ऐकू यायला लागलं, तेव्हा मी फोन ठेवला.