श्रीलंकेचा जांभळा खडा: टाफाइट की स्पिनेल?

रंकाळाकाठ:
मंडळी, एक सल्ला हवाय. आमचे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत एका पुडीत फिकट जांभळा, जरा करडा खडा सापडला. सव्वा कॅरेटच्या आसपास आहे. पुडीवर पेन्सिलीनं 'रत्नपुरा, टाफाइट' असं लिहिलंय. गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दाखवला तर "स्पिनेल आहे, विसरून जा" म्हणाले. नेटवर टाफाइटचे भाव वाचले आणि घरात कुणाला झोप नाही. आई म्हणते, शनीसाठी अंगठीत जडवू. टाफाइट खरंच तिकडं मिळतो का? आणि दोन्हीतला फरक कसा कळणार?

पन्हाळ्याचावारा:
टाफाइट निघाला तर तांबडा-पांढरा तुझ्याकडून, भावा. मटण सुकं वेगळं.

दहापट_भिंग:
गुजरीत खडे तपासणं हाच माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्रीलंकेत मिळतो, होय. रत्नपुऱ्याकडं जमिनीखाली वाळू-गोट्यांचा थर असतो, त्याला तिथले लोक 'इल्लम' म्हणतात. तो उपसून टोपल्यांत धुतात. नीलम, स्पिनेल, गार्नेट सगळं त्यातच, आणि क्वचित टाफाइट. म्यानमारमध्ये मोगोकला आणि टांझानियात टुंडुरूलाही सापडलाय. तेव्हा पुडीवरचा गाव खोटा ठरत नाही, पण त्यानं खडाही खरा ठरत नाही.

स्पिनेल म्हणणाऱ्यावर रागावू नकोस. या खड्याची सुरुवातच तशी झाली. १९४५ साली डब्लिनमध्ये काउंट टाफे नावाच्या गृहस्थानं एका सराफाकडचे जुने सुटे खडे घेतले. स्पिनेल समजून एक जांभळट खडा बघत होता, तर मागचे पैलू दुहेरी दिसायला लागले. स्पिनेल उजेडाची किरणं दुभंगत नाही, म्हणून त्यात ते शक्यच नाही. त्यानं खडा लंडनला अँडरसन या रत्नतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पाठवला. पुढं रासायनिक तपासणीसाठी त्याचा बराचसा भाग कापावा लागला आणि १९५१ मध्ये नवं खनिज म्हणून जाहीर झालं. खाणीतल्या दगडावरून नव्हे, तर पैलू पाडलेल्या रत्नावरून ओळखलं गेलेलं हे पहिलं खनिज. आत बेरिलियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. स्पिनेलमध्ये बेरिलियम नसतं.

आता तुझ्या कामाचं. रंगावर जाऊ नकोस. दहापट भिंगातून वरच्या सपाट पैलूतून आत बघ, मागच्या कडा जोडीनं दिसतात का ते. टाफाइटमध्ये हा दुहेरीपणा अगदी बारीक असतो, घाईत नजरेतून निसटतो. पोलॅरिस्कोप बरा. दोन आडव्या-उभ्या फिल्टरमध्ये खडा फिरवायचा. स्पिनेल काळाच राहतो, टाफाइट एका फेरीत चार वेळा उजळतो. मात्र एका ठरावीक दिशेनं तोही काळा राहतो, म्हणून खडा दोन-तीन बाजूंनी धरून बघायचा. कृत्रिम स्पिनेल आतल्या ताणामुळं ढगाळ, वळवळता उजेड देतो. त्यावर भुलून पार्टी देऊ नका.

सांगलीचीहळद:
पाण्यात वजन करून घनता काढली तर? घरात तराजू आहे.

दहापट_भिंग:
इथं उपयोग नाही. दोघांची घनता ३.६ च्या आसपास. वक्रीभवनांक, म्हणजे खडा उजेड किती वाकवतो तो आकडा, हाही असाच दगा देतो: स्पिनेल साधारण १.७१८, टाफाइट १.७१९ ते १.७२३. फरक एवढाच की टाफाइटला दोन आकडे मिळतात, स्पिनेलला एकच. त्यासाठी हा आकडा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला पिवळा दिवा लाव, साध्या उजेडात रेष धूसर पडते.

रंकाळाकाठ:
पोलॅरिस्कोपखाली बघून घेतला दादा, चार वेळा उजळला! दोन बाजूंनी बघितला. म्हणजे नक्की?

दहापट_भिंग:
म्हणजे स्पिनेल नाही, एवढं नक्की. जांभळा नीलम असेल तर तोही उजळतो, पण त्याचा आकडा १.७६ च्या वर जातो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर चुकवू नकोस. आकडे जुळले तरी मस्ग्रेव्हाइट नावाचा भाऊबंद उरतोच. दोघं आकड्यांनी इतके जवळ की आमच्या टेबलावर वेगळे होत नाहीत, रामन वर्णपट, म्हणजे लेझरच्या उजेडानं केलेली तपासणी, घ्यावा लागतो. ती सोय मुंबईतल्या मोठ्या प्रयोगशाळेत.

शनीचं आईंना सांग, नवरत्नांत हा नाहीच. ज्याची ओळख १९५१ ला पटली त्याला कुठला ग्रह देणार? कठीणपणा आठच्या वर, अंगठीत टिकेल म्हणा. पण आत्ता जडवू नका. सुटा पाठवा, कारण सोन्यात बसलेल्या खड्याचं वजन प्रयोगशाळा अंदाजानं लिहिते आणि घेणारा तेवढ्यावरच भाव पाडतो.

पन्हाळ्याचावारा:
म्हणजे रस्सा लांबला.