शब्दचर्चा: 'ठोका चुकला' म्हणजे नेमकं काय झालं?

पंचगंगा
माझ्या वडिलांना, तात्यांना, गेल्या आठवड्यात चोवीस तासांचा होल्टर (हृदयाचे ठोके सलग नोंदवणारं यंत्र) लावला होता. वय ६८, उभी हयात मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानी दिवाणजी म्हणून गेली. परवा रिपोर्ट मिळाला. डॉक्टरांची वेळ सोमवारची, आणि कागद हातात आला की ओळ न् ओळ वाचल्याशिवाय तात्यांना चैन पडत नाही. ओळीखाली फूटपट्टी धरून वाचत बसले आणि तीन ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली: 'सायनस रिदम', 'व्हीई ६१२' आणि 'सर्वांत लांब पॉझ २.१ सेकंद, पहाटे ३:४०'. मग मला हाक मारून म्हणाले, "म्हंजे सहाशे बारा ठोकं चुकल्यात. आणि पहाटं दोन सेकंद मी नव्हतोच की गं." त्या दिवसापासून रंकाळ्यावर फिरायला जायचं बंद केलंय.

उपचार डॉक्टर सांगतील. मला शब्द हवे आहेत. आपण 'ठोका चुकला' म्हणतो ते आणि रिपोर्टातलं 'एक्टोपिक' हे एकच का? नसेल तर त्यांना काय म्हणून सांगू? 'सायनस' वाचून तर त्यांनी नाकाच्या डॉक्टरांची चौकशी सुरू केली आहे.

खडूफळा
आधी वाक्प्रचार. 'काळजाचा ठोका चुकला' हे आपण भीतीसाठी वापरतो. त्यात काळीज हा शब्दही मूळचा हृदयाचा नव्हे. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात आजही काळीज मागितलं की यकृतच मिळतं. बोलण्यात मात्र तो धाडसाचा, मायेचा आणि भीतीचा अवयव झाला. असला भरलेला शब्दप्रयोग तपासणीच्या कागदावर ठेवला की माणूस घाबरणारच.

'चुकणे'चेही दोन अर्थ आहेत. गणित चुकलं म्हणजे दोष. एसटी चुकली म्हणजे हुकली. तात्यांनी दोन्ही एकदम लावलेले दिसतात, ठोका हुकलाही आणि हृदयाचा दोषही निघाला.

'एक्टोपिक' ग्रीकातून आलेला शब्द, अर्थ 'जागेबाहेरचा'. त्याला मराठीत 'अस्थानिक' हा रुळलेला प्रतिशब्द आहे, अस्थानिक गर्भ म्हणतात तोच. तेव्हा 'अस्थानिक ठोका' बरोबर आहे, पण घरात कुणी बोलणार नाही.

'सायनस' म्हणजे लॅटिनमध्ये खळगा, पोकळी. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या तेच नाव घेतात आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातली जागाही. तिथल्या गाठीतून ठोक्याचा इशारा निघतो. १९०७ साली कीथ आणि फ्लॅक यांनी ती गाठ दाखवली. 'सायनस रिदम' म्हणजे ठोके त्यांच्या हक्काच्या ठिकाणाहून निघताहेत. तात्यांनी खूण केलेल्या तीन ओळींतली ही सगळ्यांत चांगली ओळ आहे, त्यांना आधी हीच सांगा.

पट्टीवाली
मी चौदा वर्षं ईसीजी आणि होल्टर लावते. ताई, तात्यांना सांगा की ठोका चुकला नाही, तो लवकर आला. 'व्हीई' म्हणजे खालच्या कप्प्यांतून, निलयांतून, वेळेआधी निघालेला ठोका. लवकर येतो तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे मनगटाला तो लागतच नाही. त्यानंतर हृदय पुढच्या ठोक्याच्या ठरल्या वेळेपर्यंत थांबतं. तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. माणसाला जाणवतं ते हे थांबणं आणि हा जोर. आमच्याकडे येणारे लोक त्याला 'गचका' म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकी शब्दांपेक्षा हा शब्द नेमका आहे. गाडीला गचका बसतो तसाच.

रिपोर्टात एकूण ठोके किती आहेत? आणि सर्वांत कमी गती?

पंचगंगा
एकूण ९८,४१२. सर्वांत कमी गती ४६, पहाटे ३:४२ ला. सर्वांत जास्त १३१, सकाळी ७:१०. त्या वेळी ते रंकाळ्यावर होते.

पट्टीवाली
मग त्यांना कागद-पेन्सिल द्या, हिशेब त्यांचाच आहे. चोवीस तासांत हृदय साधारण लाखभर ठोके देतं. ९८,४१२ मध्ये ६१२ म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही, ०.६२ टक्के. सहाशे हा आकडा एकटा वाचला की मोठा दिसतो. डॉक्टर टक्का बघतात. तो दहाच्या पुढे जायला लागला की हृदयाच्या पंपावर ताण येतोय का ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बारकाईनं तपासतात. शिवाय बघतात ते ठोके सुटे आहेत का जोडीनं, आणि तीन किंवा जास्त एकापाठोपाठ आलेत का. तशा सलग ओळीला रिपोर्टात 'रन' लिहितात. हृदय मुळात कमजोर असेल तर टक्का कमी असूनही गंभीर धरतात, म्हणून नुसत्या आकड्यावर निकाल लावायचा नाही.

आता ते दोन सेकंद. गती ४६ म्हणजे दोन ठोक्यांत साधारण १.३ सेकंदांचं अंतर. दोन अंतरं मिळून २.६. त्यात एक लवकरचा ठोका अर्ध्या सेकंदातच येऊन गेला, तर उरले किती? २.१. त्यांच्या रिपोर्टात तसंच झालंय का ते त्या वेळेची ईसीजीची पट्टी बघून डॉक्टर सांगतील, पण असे पॉझ मी रोज बघते. झोपेत गती उतरते, अंतर वाढतं. जागेपणी तीन सेकंदांच्या वरचं थांबणं किंवा अंधारी येऊन थांबणं ही वेगळी गोष्ट. 'पॉझ'ला आम्ही पेशंटसमोर 'अंतर' म्हणतो. 'थांबलं' म्हटलं की लोक तेवढंच ऐकतात.

पंचगंगा
आत्ताच त्यांना बसवून हिशेब करून घेतला. २.६ मधून अर्धा वजा केल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाईचा ठोका म्हण की मग. चुकला कशाला म्हणायचं?"

हलगीवाला
घाईचा ठोका! फार चांगला शब्द आहे, तात्यांना माझा नमस्कार सांगा.

एक भर घालतो. आमच्याकडं ठोका वेगळा आणि ठेका वेगळा. एक थाप म्हणजे ठोका. थापा ठरलेल्या अंतरानं येऊन जी चाल बनते तो ठेका. मिरवणुकीत हलगीची एखादी थाप जरा आधी पडली तरी लेझीम मोडत नाही, पावलं पुढच्या थापेला जुळतात. ठेकाच हरवला तर मात्र सगळी रांग विस्कटते. मला वाटतं 'रिदम'ला लय म्हणण्यापेक्षा ठेका म्हणावं.

पट्टीवाली
दादा, तुम्ही नकळत मोठा फरक सांगितलात. तात्यांच्या रिपोर्टात ठेका शाबूत आहे, अधूनमधून एक थाप आधी पडते. ज्यात ठेकाच राहत नाही तो आजार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि खालचे ठोके कशालाच बांधलेले राहत नाहीत. नाडी धरली तर दोन अंतरं सारखी सापडत नाहीत. त्याची भीती वेगळी: थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून त्यात रक्त पातळ ठेवायची गोळी द्यायची का, हा प्रश्न धडधडीच्या गोळीइतकाच महत्त्वाचा असतो. 'फ्लटर' त्याच्या जवळचा, पण त्यात कप्पे एका नियमानं, फार वेगानं चालतात. फिब्रिलेशन थरथर, फ्लटर फडफड. इतके सोपे शब्द आपल्याकडे आहेत आणि आपण 'विकंपन' शोधत बसतो, याचं मला वाईट वाटतं.

सांगलीकर
विषयाला धरूनच विचारतो. माझ्या मामांच्या रिपोर्टात 'फर्स्ट डिग्री ब्लॉक' आलंय. घरात सगळे म्हणतात ब्लॉकेज आहे, स्टेंट बसवावी लागणार. मामी दोन दिवस जेवलेल्या नाहीत.

पट्टीवाली
दादा, मामींना आत्ता फोन करा. ब्लॉक आणि ब्लॉकेज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ब्लॉकेज हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीतलं, तिथं स्टेंटचा प्रश्न येतो. होल्टरमधला ब्लॉक विजेच्या वाटेवरचा. घरात नळाचं काम वेगळं आणि वायरिंगचं वेगळं, तसं. फर्स्ट डिग्रीमध्ये वरून आलेला प्रत्येक इशारा खाली पोचतो, फक्त उशिरा. पुढच्या पायऱ्यांत काही इशारे पोचत नाहीत, आणि तिसऱ्यात एकही नाही. तिथं पेसमेकर लागतो. 'ब्लॉक'पुढं जोडलेल्या एका 'एज'वरून घरात चूल पेटत नाही, हे मी कितीदा बघितलंय.

खडूफळा
'ब्लॉक'ला 'अडथळा' न म्हणता पहिल्या पायरीला 'विलंब' म्हणावं, म्हणजे मामींना जेवण जाईल.

'होल्टर' शब्दाचं राहिलंच. ते आडनाव आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले नॉर्मन होल्टर. १९४० च्या दशकाअखेरीस त्यांनी चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवून दाखवला, तेव्हा ते यंत्र पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. तात्यांना सांगा, गुळाच्या ३० किलोच्या रव्यापेक्षा, म्हणजे ढेपेपेक्षा, जड. आज ते गळ्यात अडकवून माणूस बाजारहाट करतो.

पट्टीवाली
शब्दांवर बोलतोच आहोत तर माझी एक कळकळीची विनंती. होल्टरबरोबर आम्ही डायरी देतो. त्यात नव्वद टक्के लोक एकच लिहितात, 'जीव घाबरा झाला'. या तीन शब्दांत धडधड, धाप, भीती, घाम, भोवळ सगळं मावतं आणि डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा तुमच्या बोलीतलं लिहा. एका मावशींनी लिहिलं होतं, 'भांडी घासताना घशाशी मासा उडाल्यागत, एकदाच.' पट्टीवर त्याच मिनिटाला एक घाईचा ठोका. एका मुलानं लिहिलं, 'बटन दाबल्यावानी सुरू, बटन दाबल्यावानी बंद.' वीस मिनिटं १८० ची गती होती, नेमकी तशीच सुरू झालेली आणि तशीच संपलेली. चढत-उतरत जाणारी धडधड आणि बटणासारखी धडधड यांची कारणं वेगळी, उपचार वेगळे.

आणि 'चक्कर'. घर फिरल्यासारखं वाटलं तर 'फिरलं' लिहा. डोळ्यांपुढं अंधारी आली, तोल गेला, पडलात, तर 'अंधारी' किंवा 'भोवळ' लिहा. हृदयाच्या डॉक्टरांना या दोन शब्दांतला फरक फार मोठा आहे. धडधडीबरोबर भोवळ, छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल तर डायरी राहू द्या, १०८ ला फोन करा.

पंचगंगा
सोमवारी जाऊन आलो. इको चांगला आहे. थायरॉईड आणि पोटॅशियम तपासायला दिलंय. दिवसाला सात-आठ चहा होतात हे तात्यांनी स्वतःहून सांगितलं. ते तीनवर आणायचे ठरलंय, रात्रीचं जागरण बंद. बीपीची जी गोळी चालू आहे तिनं गतीही आवरते, ती मनानं एक दिवसही सोडायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. फिरायला परवानगी आहे. पहाटेच्या २.१ बद्दल पट्टी उघडून दाखवली. मधे घाईचा ठोका होता. तात्यांनी तिथंच डॉक्टरांना वजाबाकी सांगितली.

आता रिपोर्टाच्या प्रतीवर ते मराठीत शब्द लिहून ठेवताहेत, पुढच्या खेपेला लागतील म्हणून. 'व्हीई'समोर घाईचा ठोका, 'पॉझ'समोर अंतर, 'रिदम'समोर ठेका. 'कपलेट ४' उरलंय. 'जोडीचे ठोके' का आणखी काही?

खडूफळा
जोडाक्षर तसा जोडठोका.

पंचगंगा
लिहिलं. आता चपला घालून दारात उभे आहेत. म्हणताहेत, ऊन व्हायच्या आत रंकाळ्याला एक फेरी होईल.