पान उलटायला बटण हवे की नुसता स्पर्श?

ठाणेकर : 'बटणे कालबाह्य झाली आहेत, ई-रीडर (ई-पुस्तके वाचायचे यंत्र) निव्वळ स्पर्शावर चालावा,' असे काल येथे कोणी ठणकावून लिहिले, म्हणून हे लांबलचक उत्तर. लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेली असताना दुसऱ्या हाताचा अंगठा पडद्यावर सरकवावा लागतो, आणि तो जरा वर लागला तर पान उलटण्याऐवजी मेनू उघडतो. ई-इंकचा, म्हणजे ई-रीडरमधला कागदासारखा दिसणारा पडदा मुळातच सावकाश बदलतो. त्यामुळे पहिल्या स्पर्शाचा परिणाम दिसण्याआधीच आपण दुसरा स्पर्श करून बसतो. बटण दाबल्याचे मात्र बोटालाच कळते.

अरुंधती : अॅमेझॉनच्या 2007 च्या पहिल्या किंडल ई-रीडरची बटणे कडेने इतकी लांब होती, की यंत्र नुसते उचलले तरी पान उलटत असे, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. शिवाय बटणांच्या फटींतून पाणी आत शिरते.

ठाणेकर : 2017 च्या किंडल ओअॅसिसला बटणेही होती आणि ते पाण्यात टिकतही होते. दोष बटणांच्या जागेचा होता, बटणांचा नव्हे.

जुना वाचक : बटणांवरून भांडत बसा, माझी तक्रार पृष्ठक्रमांकांची आहे. आमच्या वाचनगटात सगळे 'पान 84' म्हणतात, तेव्हा माझा ई-रीडर पानाऐवजी टक्के दाखवतो म्हणून मी 'एकतीस टक्के' म्हणतो आणि लोक हसतात. किंडलने 2011 पासून छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक दाखवायला सुरुवात केली खरी, पण प्रकाशकाने ते जोडलेच नसतील तर वाचकाने काय करावे?

अरुंधती : अक्षर मोठे केले की मजकूर नव्याने मांडला जातो, तिथे स्थिर पान येणार कुठून? एवढाच हट्ट असेल तर छापील प्रत घ्यावी.

जुना वाचक : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी मी याच मोठ्या अक्षरांच्या आधारावर वाचत होतो, त्यामुळे 'छापील घ्या' हा सल्ला आपल्याकडेच ठेवावा. अक्षर कितीही वाढवले, तरी छापील पान कोठे संपते याची खूण मजकुरात ठेवता येते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात तशी सोय आहे. ती न वापरणे हा निव्वळ आळस आहे.

अरुंधती : खुणेचे मान्य, आपला विजय असो. बटणांबाबत मात्र मी तसूभरही हलणार नाही.

ठाणेकर : हलू नका. फक्त एकदा सायंकाळच्या कल्याण लोकलमध्ये उभ्याने वाचून पाहा.