परवानाधारक वारले, दोन बंदुका माळ्यावर आहेत. पुढे काय करायचं?

म्हादईकाठ (सत्तरी)

आजोबांच्या नावावर दोन हत्यारं आहेत: बारा बोरची दुनळी आणि पीक संरक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक. आजोबा वारले, परवान्याची मुदत मात्र अजून वर्षभर शिल्लक आहे. दुनळीची अकरा काडतुसं डब्यात आहेत. ठासणीची भरलेली आहे की रिकामी, घरात कुणालाच सांगता येत नाही. घरात सात आणि दहा वर्षांची मुलं आहेत. काकांचं म्हणणं, रानडुकरं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) उकरून टाकतात, तेव्हा बंदूक राहू दे, मुदत संपली की नावावर करून घेऊ. मला ती घरात नको. कायद्याने नेमकं काय करावं लागतं? आणि तोवर बंदुका हलवायच्या की आहेत तिथेच ठेवायच्या?

वकील फोंडा

मुदत शिल्लक आहे हा मुद्दाच गैरलागू. शस्त्र परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. परवानाधारक गेला की त्या कागदावर दुसऱ्या कुणालाही बंदूक बाळगता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही तर हत्यार आणि दारूगोळा विनाविलंब पोलीस स्टेशनात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. मुदत संपेपर्यंत थांबायची सोय त्यात नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, वर दंड. मुद्दाम घरात ठेवली असं दिसलं तर "काका म्हणाले" हे उत्तर चालणार नाही.

बंदूक गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून स्टेशनात न्यायची नाही. आधी लेखी अर्ज द्या: परवानाधारकाचं नाव, परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, प्रत्येक बंदुकीचा बोर, बनावट आणि नळीवर किंवा सांगाड्यावर कोरलेला नंबर, काडतुसांची संख्या. सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि घरून हत्यार ताब्यात घ्यायची विनंती करा. एक भरलेली असण्याची शक्यता आहे, हे अर्जात ठळक लिहा.

जमा केली म्हणजे सरकारची झाली, असं नव्हे. ठरलेल्या मुदतीत वारसांना ती परवाना असलेल्या व्यक्तीला किंवा विक्रेत्याला विकता येते, किंवा वारसांपैकी एकाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. काहीच केलं नाही तर नोटीस येऊन ती सरकारजमा होते.

काकांना नावावर हवी असेल तर त्यांनी कलेक्टर कार्यालयात नवा अर्ज करायचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं पत्र, वैद्यकीय दाखला आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. पोलीस चौकशी वेगळी. गोव्यात इथेच घोळ होतो. आपल्या वारसा कायद्यात मुली मुलांइतक्याच वारस आणि हयात जोडीदार अर्ध्या मालकीचा हक्कदार. म्हणजे आजी असतील तर आजींची आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांचीही सही लागणार. सक्सेशन डीडमधली (वारस कोण ते ठरवणाऱ्या दस्तातली) नावं आणि अर्जातली नावं जुळली नाहीत की फाईल परत येते. एका व्यक्तीच्या नावावर दोनच बंदुका राहू शकतात आणि वारसाने आलेलीही त्यात मोजतात, हेही काकांना सांगा.

जुनी नळी

हलवायच्या का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. खोलीला कुलूप लावा, शिडी काढून घ्या, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे.

जास्त काळजी ठासणीच्या बंदुकीची. तिच्यात काडतूस नसतं, त्यामुळे बघणाऱ्याला ती रिकामीच वाटते. तोंडाकडून दारू, मग चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी असा भरणा गजाने ठासलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. काळी दारू ओल धरते, पण माळ्यावर कौलांखाली उन्हाळ्यात ती पुन्हा सुकते. निपलवर (नळीच्या बुडाशी असलेल्या बोंडावर) ठिणगीची टोपी असेल आणि घोडा कशाला तरी आपटला तर बार उडू शकतो. अर्धवट ओलसर दारूत आणखी एक धोका: टोपी फुटते, बार मात्र क्षणभराने उडतो. फुसका गेला म्हणून माणूस तोंडाकडून डोकावतो आणि नेमका तेव्हाच सापडतो.

जाणकार गज आत सोडून तो किती आत जातो, ते नळीच्या बाहेरून मोजतात. गज तळाच्या बोटभर, दोन बोटं आधी अडला तर आत भरणा आहे. पण हे काम तुमचं नाही, पोलिसांचा आर्मरर (हत्यारं तपासणारा कारागीर) किंवा विक्रेता करेल. पाणी ओतून दारू निकामी करायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. त्यासाठी हत्यार हातात घ्यावं लागतं आणि नळीच्या तोंडाशी हात न्यावा लागतो.

दुनळी मधून उघडून बघितली तर काडतूस दिसतं, हे खरं. पण बहुतेक जुन्या दुनळीत सेफ्टीचं बटण फक्त चाप अडवतं, आतला घोडा ताणलेलाच राहतो. घोडा अडवून धरणाऱ्या खाचा झिजलेल्या असतील तर बंदूक नुसती खाली पडूनही बार होतो. डब्यातली काडतुसं कागदी असली तर पावसाळ्याच्या दमटाने फुगतात, पितळी बुडावर हिरवा थर येतो. ती कचऱ्यात, विहिरीत, आगीत कुठेही टाकायची नाहीत. अकराच्या अकरा मोजून द्या.

पैंगीण कुळागर

काकांचा राग समजून घ्या. एका रात्रीत डुकरांचा कळप सुरण-कणग्यांचा वाफा नांगरून टाकतो आणि सुपारीची नवी रोपं उपटतो. बंदुका जमा करा म्हणणाऱ्यांनी आमच्या बागेत एक रात्र काढावी. निवडणूक आली की आमचीच हत्यारं आधी जमा होतात.

वकील फोंडा

नुकसान खरं आहे, पण परवान्यावर "पीक संरक्षण" लिहिलंय म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये (संरक्षित प्राण्यांच्या यादीत) आहे. त्याला मारायला कलम ११ खाली वन खात्याचा लेखी आदेश लागतो. गवा तर अनुसूची १ मध्ये. निवडणुकीत सरसकट जमा करण्यापेक्षा स्क्रीनिंग कमिटीने एकेक परवाना तपासायचा असतो: जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले. तुमचं यात काही नसेल तर कमिटीकडे लेखी सूट मागा.

सौर कुंपण, केपे

रात्री बॅटरीच्या झोतात झुडूप हललं म्हणून बार काढणं ही आपल्या रानातली सगळ्यात वाईट सवय आहे. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, छर्रा जांभ्या दगडावर आपटून कुठेही वळतो, आणि झुडपात पाळतीला बसलेला शेजारीच असू शकतो.

डुकरासाठी सौर कुंपण लावा. खालची तार जमिनीपासून वीतभर, तिच्यावर तेवढ्याच अंतराने आणखी दोन. डुक्कर नाकाने चाचपत येतं, म्हणून खालची तार सगळ्यात महत्त्वाची. कुंपण फसतं ते दोन कारणांनी. पावसात गवत तारेला टेकतं आणि दाब जमिनीत गळतो, त्यामुळे दर आठवड्याला खालचा पट्टा साफ हवा. मार्च ते मे जांभा सुकला की अर्थिंग मरतं. तेव्हा एकाऐवजी तीन सळ्या, प्रत्येकी दीड ते दोन मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर ठोका आणि बुडाशी पाणी घाला. मीटरवर चार हजार व्होल्टच्या खाली गेलं तर डुक्कर बिनधास्त आत शिरतं. घरातली लाइन थेट तारेला जोडायची नाही. त्याने माणूस मरतो. अनुदानाची चौकशी झोनल ॲग्रिकल्चर ऑफिसात करा.

कलिका

मुलांबद्दल कुणीतरी सांगायलाच हवं. सात-दहा वर्षांचं मूल लपवलेली वस्तू शोधतंच. "हात लावू नको" या ताकिदीवर बंदुकीच्या बाबतीत विसंबता येत नाही.

मोठ्यांचंही तेच. कर्जाचा, भांडणाचा, दारूचा एखादा आवेग काही मिनिटांचा असतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की आत्महत्येच्या प्रयत्नात बंदूक असेल तर दहातले जवळपास नऊ जण वाचत नाहीत. बाकी बहुतेक मार्गांत माणूस वाचून सावरायची शक्यता कितीतरी जास्त. घरात कुणी खचलेलं असेल तर अर्जाची वाट न बघता आजच पोलिसांना बोलवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो.

पैंगीणकरांना एवढंच सांगते: कडक नियम म्हणजे शेतकऱ्याचा शत्रू नव्हे. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थर इथे ३५ माणसं मारली गेली. त्यानंतर तिथे अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. शेतकऱ्याची गरज मात्र वैध कारण म्हणून मान्य राहिली. अट एवढी की बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि नव्या परवानगीसाठी २८ दिवस थांबायचं. आपल्याकडे कागदावर बरंच आहे. घरातलं कपाट तपासायला मात्र फारसं कुणी येत नाही, आणि मला तेच खटकतं.

म्हादईकाठ (सत्तरी)

काकांना हे सगळं वाचून दाखवलं. अर्ज उद्या देतो. पावतीवर काय काय बघायचं?

वकील फोंडा

दोन्ही बंदुकांचे नंबर, काडतुसांचा आकडा, तारीख, अधिकाऱ्याची सही, शिक्का. नंबर गंजाने पुसला असेल तर "नंबर वाचता येत नाही" असं लिहून घ्या, अंदाजाने नंबर घालू देऊ नका. मूळ परवाना सोबत जमा करत असाल तर त्याचीही नोंद त्याच पावतीवर हवी, आणि देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा.