तीन मजली घरात वायफाय : मेश घ्यावे की जिन्यातून केबल ओढावी?

सर्वांना नमस्कार. आमचे घर कांदिवलीच्या चारकोपमध्ये आहे. तळमजला आणि वर दोन मजले, रुंदी जेमतेम बारा फूट, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या भूखंडांवर इथल्या लोकांनी ऐपतीप्रमाणे एकेक मजला चढवत घरे बांधली; आमचेही तसेच झाल्यामुळे इंटरनेटच्या वायरसाठी वेगळा पाइप कोणी कधी टाकलाच नाही.

फायबरची जोडणी तळमजल्यावर जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी आलेली आहे आणि राउटरही तिथेच आहे. फोनवरच्या अॅपने सिग्नल मोजला तेव्हा तळमजल्यावर उणे ४४, पहिल्या मजल्यावर उणे ६५ आणि दुसऱ्या मजल्यावर लेकीच्या टेबलापाशी उणे ८३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) असे आकडे आले. व्हिडिओ कॉलसाठी साधारण उणे ६७ च्या खाली सिग्नल जाऊ नये, असे मानतात. आमची योजना १०० एमबीपीएसची आहे. खाली ९३ मिळतात, वर जेमतेम ५. लेक बारावीला आहे. ऑनलाइन तासाला ती मांडीवर लॅपटॉप घेऊन जिन्याच्या वळणावर बसते, आणि वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकासाठी तिला पाय आवरून घ्यावे लागतात. हे मला रोज पाहवत नाही, म्हणून लिहीत आहे.

कारण थोडेफार समजले आहे. राउटर दोन पट्ट्यांवर वायफाय देतो. त्यातला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असला तरी लोखंडी सळ्यांचे दोन स्लॅब ओलांडता ओलांडता तो जवळपास संपतो. २.४ गिगाहर्ट्झचा वरपर्यंत पोहोचतो, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले १, ६ आणि ११ अशी तीनच, आणि आमच्या गल्लीत अॅपवर शेजाऱ्यांची बावीस नेटवर्के दिसतात. चॅनेल बदलून पाहिले. रात्री दहानंतर किंचित फरक पडतो, संध्याकाळी अजिबात नाही.

मध्यंतरी दुकानदाराच्या सांगण्यावरून एक रिपीटर (राउटरचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा डबा) आणून दुसऱ्या मजल्यावर लावला. फोनवर काड्या पूर्ण दिसू लागल्या, वेग मात्र ५ वरून ८ वर गेला, इतकेच. नंतर उलगडा झाला की रिपीटरला मुळात मिळणाराच सिग्नल दुबळा होता, शिवाय तो एकाच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे देतो, त्यामुळे उरलेला वेगही अर्ध्यावर येतो. तीन डब्यांचा मेश संच (घरभर ठेवलेल्या डब्यांतून एकच वायफाय पसरवणारा) घेतला, तरी डबे आपापसात हवेतूनच बोलणार असतील, तर स्लॅबची अडचण तशीच राहील, अशी मला शंका आहे.

म्हणून मन केबलकडे झुकते आहे. गच्चीवरच्या जुन्या डिशची कोअॅक्स वायर भिंतीतल्या पाइपमधून थेट तळमजल्याच्या हॉलमध्ये उतरते आणि आता तिचा काही उपयोग नाही. त्या वायरच्या टोकाला कॅट ६ केबल (इंटरनेटची नेटवर्क केबल) बांधून, खालून कोअॅक्स खेचत नवी केबल पाइपमधून उतरवता येईल का? पाइप पाऊण इंची आहे आणि त्याला वाटेत दोन काटकोनी वळणे आहेत. कोणी असे केले असल्यास वायर मध्येच तुटली का, केबलवरचे आवरण सोलले गेले का, हे जरूर सांगावे. विजेच्या वायरींच्या पाइपमधून ती नेऊ नये, हे माहीत आहे. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची झाल्यास पश्चिमेच्या पावसात छिद्रातून ओल येण्याची भीती वाटते. भिंतीला वॉटरप्रूफिंग करून वर्षही झालेले नाही. तिसरा मार्ग जिन्याच्या कडेने पीव्हीसी पट्टीतून नेण्याचा आहे. ती दिसेल, पण चालेल.

वर पोहोचलेल्या केबलला घरातलाच जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वायफायवर देण्यापुरता, जोडायचा विचार आहे. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहेत, आमच्या योजनेला तेवढे पुरतील असे वाटते. त्यावरचे डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटण्याची सोय) बंद करून नाव आणि पासवर्ड खालच्या राउटरचेच ठेवले, तर जिना चढताना फोन आपोआप वरच्या सिग्नलवर जाईल, की खालच्या दुबळ्या सिग्नललाच चिकटून राहील?

काम पावसाळ्यापूर्वी उरकायचे आहे. अशाच अरुंद, उभ्या घरात राहणाऱ्यांनी केबल कोणत्या वाटेने नेली, ते कृपया सविस्तर लिहावे.